लुबेकच्या बंदरात उतरलेला माणूस

त्या दोन दिवसांत लुबेकला कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. मी यमुना. माझा मुलगा वसंत. पेटर्सनबाई, ज्या पाहुण्यांना गाव फिरवून दाखवायच्या, तोच त्यांचा धंदा. कबरस्तानच्या कचेरीतला एका हाताचा कारकून. आणि वसंताचे बाबा. त्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलेलं नाही. ज्या देवावरून त्यांचं नाव ठेवलं त्या देवाचंही घेत नाही. आरतीत तेवढा शब्द गिळते आणि त्या देवळाला डोंगरावरचं देऊळ म्हणते.

मी दुसरीपर्यंत शिकले. अक्षर वाकडं आहे. आमच्या शाळेच्या मास्तरांनी सांगितलं, गावातून परदेशी जाऊन आलेली बाई तुम्हीच, काय बघितलंत ते लिहून द्या, आपल्या वाचनालयाच्या अंकात घालू. म्हणून लिहिते. तिथे मोठ्या मोटारी आणि चकचकीत दुकानं आहेत, पण ते दुसरं कुणीही सांगेल. मी गेले कशाला ते सांगते.

डार्मश्टाट

वसंता तेव्हा कार्ल्सरूहेला इंजिनेरीचं शिकत होता, सरकारच्या शिष्यवृत्तीवर. डार्मश्टाटला औषधांच्या कारखान्यात पुण्याकडचे एक देसाई होते. त्यांची बायको बाळंत व्हायची होती आणि घरात करणारं कुणी नव्हतं. मी जन्मभर बाळंतिणींचंच काम केलेलं. वसंताने शब्द टाकला आणि देसाईंनी मला आगबोटीने बोलावून घेतलं. साठ सालानंतरची तीनचार वर्षं झाली असतील.

आठ महिने राहिले. बाळ गोड होतं, वहिनी मायाळू होत्या. पण दुपारी बाळ निजलं की घर असं गप्प व्हायचं की नळाचा थेंब ऐकू यायचा. जिन्यात माणसं भेटली तर मान हलवून जायची. रविवारी तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा मोठ्याने भुंकायचं नाही. मी खिडकीत बसून यायच्या जायच्या माणसांचे पाय मोजायचे. बाजारापुरतं जर्मन आपोआप आलं. दूध, बटाटे, किती, नको, उद्या, मेलं, जिवंत. मेलं जिवंत हे कोळंबी घेताना शिकले.

आता मूळ गोष्ट. वसंता तीन महिन्यांचा असताना त्याचे बाबा मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून गेले. लढाईच्या आधीचा हिवाळा होता तो. वसंता पाच महिन्यांचा झाला तेव्हा कंपनीचं पत्र आलं. पोस्टमास्तरांनी ओसरीवर सगळ्यांसमोर वाचलं: जानेवारी महिन्यात लुबेक बंदरात जहाजावरून उतरला, परत आला नाही, पळून गेला असं धरण्यात येत आहे.

सासूबाई म्हणाल्या, कुंकू पुसायचं नाही, माझा मुलगा जिवंत आहे. बाकीचे म्हणायचे, जिवंत आहे तर, गोरीच्या घरी ऊन ऊन जेवतोय. हळदीकुंकवाला मला बोलावायचे पण सगळ्यात शेवटी. कुंकू लावायचे, ओटी भरायची वेळ आली की ताट आत जायचं. विधवा म्हणून कोपरा नाही, सवाशीण म्हणून पाट नाही. पंचवीस वर्षं मी उंबऱ्यावर उभी असल्यासारखी काढली. वसंताला शाळेत पोरं पळपुट्याचा म्हणायची. तो कधी रडत घरी आला नाही. फक्त बाबांबद्दल विचारायचा थांबला.

मला एवढंच कळायला हवं होतं. ते मेले की पळाले.

लुबेक, पहिला दिवस

मे महिन्यात वसंताला त्याच्या संस्थेने दोन दिवसांसाठी लुबेकच्या एका कारखान्यात काम बघायला पाठवलं. मी म्हटलं, मला ने. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं कशासाठी.

"आये, गाव बघायला येतेस तर ये," तो म्हणाला. "ज्या माणसाला आपण नको होतो त्याला मी शोधणार नाही."

मी म्हटलं, गावच बघायचंय.

तो दिवसभर कारखान्यात, मी हरवेन म्हणून त्याने त्या गावची एक बाई ठरवली. ह्याच पेटर्सनबाई. साठीच्या, उंच, खांद्यात ताठ, हातात मिटलेली छत्री. ती छत्री पावसासाठी नव्हती, दाखवायला होती. माझं नऊवारी लुगडं, खाली लोकरीचे मोजे, वरून वसंताचा जुना कोट बघून त्यांनी एकदा डोळे मिटले, उघडले, म्हणाल्या, "आल्झो." म्हणजे चला तर. त्या असं प्रत्येक गोष्टीआधी म्हणायच्या. आपण बसताना अगोबाई म्हणतो तसं.

लुबेक सगळं लाल विटांचं. गावात शिरतानाच दोन जाड बुरुजांची वेस आहे. जमीन मऊ म्हणून बुरुज खचलेत आणि एकमेकांकडे कललेत, दोन म्हाताऱ्या जावा कानाला लागल्यासारख्या. बाजूला नदी, आणि नदीवर उंच निमुळती घरं. बाईंनी छत्री रोखली, म्हणाल्या, "साल्त्स." मीठ. मग नदीकडे दाखवून, "हेरिंग." मला हसू आलं. सगळं समजलं. मिठाच्या वखारी होत्या त्या. मीठ इथून जायचं, खारवलेला मासा इकडे यायचा, आणि त्यावर ह्या लोकांनी सात उंच कळसांची देवळं बांधली. आमच्याकडेही मीठ आहे, मासे आहेत, वाळवण तर गावभर आहे. आमच्या देवळाला अजून पत्रा आहे.

मोठ्या देवळात बुरुजाखाली दोन घंटा पडलेल्या आहेत. लढाईत बॉम्ब पडून आग लागली तेव्हा वरून कोसळल्या. जमिनीत रुतल्यात, फुटल्यात, आणि जिथे पडल्या तिथेच ठेवल्यात. आपल्याकडे भंगलेलं देवाचं काही ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. इथे जाळी लावून ठेवलंय. मी विचारलं, का. बाईंनी खांदे उडवले, म्हणाल्या, पडल्या त्या इथेच ना. मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

दुपारी त्यांनी मला आपल्या घरी नेलं. एका घराच्या पोटातून वाकून जायची बोळ, आणि आत एकदम उघडं अंगण, गुलाब, ओळीने बुटकी घरं. मला त्यांनी बोटाने मोजून समजावलं की हे कुणा व्यापाऱ्याने फार जुन्या काळी बांधलं, दर्यावर गेलेल्यांच्या विधवांसाठी. प्रत्येक दारावर त्या बाईचं नाव. आमच्याकडे विधवेला मागच्या पडवीत वळकटी देतात. इथे दार, दारावर नाव, खिडकीत कुंडी. पण चार दारं ओलांडली तरी आतून बोलण्याचा आवाज नाही. प्रत्येकीचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं.

त्यांनी जेवायला काय दिलं तर पावावर कच्चा मासा. आंबट पाण्यातला, गुंडाळी केलेला. मी दर्यावर जन्मलेली, मासे चिरण्यात हयात गेली, पण कच्चा मासा मांजरालासुद्धा आम्ही उकडून घालतो. मी विचारलं, विस्तव आहे का. त्यांच्याकडे एक ताजा हेरिंगही होता, तो काढायला लावला. कमरेच्या पिशवीत माझी हळद तिखटाची पुडी असतेच. तव्यावर टाकला तसा धूर अंगणभर झाला. पाच खिडक्या उघडल्या. एका म्हातारीने ओरडून काहीतरी विचारलं, पेटर्सनबाईंनी ओरडून उत्तर दिलं. मी विचारलं, काय म्हणाली. बाईंनी हाताने दाखवलं, ती विचारतेय कोण जळतंय. मग त्यांनी खाताना डोळ्यांतून पाणी काढत दोन तुकडे जास्त खाल्ले.

भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता, आरमाराच्या टोपीत. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं आणि बोट हलवलं. कबर नाही. मग खिडकीकडे हात केला. पाण्यात.

संध्याकाळी धक्क्यावर फिरताना त्या एकाएकी थांबल्या. छत्री जमिनीवर टेकली. सावकाश, मला कळेल अशा शब्दांत म्हणाल्या, तुम्ही घरं बघत नाही, पुरुष बघता. सकाळपासून.

खरं होतं. साठीकडे झुकलेला, सावळा, खांदे वाकलेला माणूस दिसला की माझे पाय आपोआप हळू व्हायचे. मी माझ्याकडचे सगळे शब्द गोळा केले. माझा नवरा, म्हटलं. जहाज. लुबेक. जानेवारी, लढाईआधीचा. परत नाही. मेला, जिवंत, माहीत नाही.

"नामे?" त्यांनी विचारलं. नाव काय.

आता आपल्या बायका काय सांगतात? मी तेच सांगितलं. वसंताचे बाबा.

त्यांनी छोटी वही काढली आणि उभ्या उभ्या लिहिलं. इंग्रजी अक्षर मला वाचता येत नाही. वाचून दाखवलं तेव्हा कळलं. वासांता. एवढंच.

मी हात वर केला, नाही म्हणून. पण मग खरं नाव सांगावं लागलं असतं. जीभ उचललीच नाही. त्यांनी वही बंद केली, म्हणाल्या, "गेनाऊ. उद्या." गेनाऊ म्हणजे बरोब्बर.

रात्री खाणावळीच्या खोलीत वसंताने विचारलं, काय बघितलंस. मी म्हटलं, मिठाच्या वखारी. त्याला सांगितलं नाही. तो कागद वाचत झोपला. त्याच्या झोपण्यात, उजवा हात डोक्याखाली घेण्यात, अगदी बाबा आहेत. हे मी त्याला कधी बोलले नव्हते, राग आला असता.

दुसरा दिवस

पेटर्सनबाईंचा हिशेब सरळ होता. ह्या देशात माणूस जिवंत असला तर कागदावर असतो. भाड्याची खोली बदलली तरी कचेरीत जाऊन सांगावं लागतं, मी इथून तिथे गेलो. म्हणून आधी जिवंतांची कचेरी.

तिथे लाकडी बाकावर बसले. खिडकीतल्या बाईने लांब पेट्या ओढून कार्डं चाळली. पेटर्सनबाई म्हणत होत्या, वासांता, वासांता, इंडियन. एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, इथे लिहून टाकते. त्या बाकावर बसून मी देवाकडे मागत होते की ते तिथे सापडू नयेत. कार्ड निघालं असतं तर रस्ता निघाला असता, घर, दार, दारावर नाव. मला ते मेलेले हवे होते. पाप आहे, पण खरं आहे.

खिडकीतली बाई म्हणाली, "नाइन." नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच लाज वाटली. कारण त्यांनी शोधलं होतं माझ्या मुलाचं नाव. त्या नावाचा म्हातारा कसा सापडेल? माझ्या तोंडापायी ते सगळं फुकट चाललं होतं आणि ती परकी बाई माझ्यासाठी जिने चढत होती.

मग गावाबाहेरचं कबरस्तान. कबरस्तान म्हणायचं, पण बाग आहे. झाडं, वाटा, पाण्याचे नळ, नळाला टांगलेल्या झाऱ्या. लोक येतात, झारी भरतात, आपापल्या माणसाला पाणी घालतात, झारी परत टांगतात. कचेरीबाहेर फळ्यावर एक यादी होती. बाईंनी वाचली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मला समजावलं. त्यांच्याकडे ओळीतल्या गरिबांच्या कबरीला पंचवीस वर्षं देतात. मग उकरतात आणि दुसऱ्याला जागा देतात. वाढवून मिळत नाही. लढाईआधीच्या हिवाळ्यातल्या ओळी ह्याच शरदात निघणार होत्या.

आत तो कारकून. डावी बाही खांद्याला टाचणीने लावलेली. मोठी वही त्याने हनुवटीने उघडी धरली आणि उजव्या हाताने पानं उलटली. बाईंनी सांगितलं, वासांता, जानेवारी. तो बोट खाली खाली नेत होता. मी मनाशी ठरवलं. इथेही नाही म्हणाला तर आपण ते नाव घ्यायचं. पाप लागलं तर लागू दे. एवढ्या लांब येऊन नाव पोटात घेऊन परत जायचं नाही. बोट पानाच्या तळाला गेलं. त्याने पान उलटलं. मी पदर सारखा केला, घसा खाकरला, तोंड उघडलं.

तेवढ्यात तो वाचायला लागला. तुटक तुटक, जसं लिहिलं होतं तसं.

"वासांता… चिआय."

मी म्हटलं, "ओ."

माझ्या तोंडून आपोआप गेलं. कुणी हाक मारली की जसं जातं तसं. पेटर्सनबाई माझ्याकडे बघायला लागल्या. कारकुनाने परत वाचलं. वासांता हे नाव, चिआय हे आडनाव, असं त्यांच्या वहीत होतं.

वसंताची आय.

आम्ही आईला आय म्हणतो. मुलगा झाल्यापासून ते मला तशीच हाक मारायचे. त्याआधी नुसतं अगो म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, मी त्यांचं घेतलं नाही. ती हाक मला तीनच महिने मिळाली. मग ते गेले.

पुढचं त्याने वाचलं आणि बाईंनी सोपं करून सांगितलं. अनोळखी खलाशी, बहुतेक हिंदुस्थानचा. धक्क्यावर बर्फावरून घसरून पडला, डोक्याला मार. खिशात कागद नाही. लोकांनी इस्पितळात नेला. चार दिवस होता. नाव विचारलं की नाव सांगायचा, दुसरं काही बोलला नाही.

"इमर नामे," बाई म्हणाल्या. सारखं सारखं नाव. शेवटपर्यंत सारखं नाव.

नाव नव्हतं ते. मला बोलावत होते.

मी खरं नाव सांगितलं असतं तर त्या वहीत ते कुठेच सापडलं नसतं. हे मला नंतर कळलं.

कारकून उठून आमच्याबरोबर आला. भिंतीकडेची ओळ, गवत, सिमेंटचा हातभर चौकोन, त्यावर आकडा. नावसुद्धा नाही, नुसता आकडा. तो जरा थांबला, टोपी काढली, ती काखेत धरली आणि परत गेला.

मी खाली बसले. रडले नाही. पंचवीस वर्षं कुठल्या बाजूला रडायचं हेच ठरलं नव्हतं, ते एका दिवसात कसं येणार. मी त्यांना सांगितलं, वसंता इंजिनेर होतोय. सासूबाई गेल्या, शेवटपर्यंत तुमच्यासाठी पान वाढत होत्या. मग बाईंना म्हटलं, झारी. त्यांनी भरून आणली. थोडं पाणी त्या चौकोनावर घातलं आणि उरलेल्यात माझं कपाळ धुतलं. पेटर्सनबाईंना आधी वाटलं मला घेरी आली. मग त्यांना कळलं. त्यांनी झारी दोन्ही हातांनी धरून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. काळ्या पोतीतले दोन मणी तोडून मी गवताखाली मातीत दाबले. बाकीची पोत पिशवीत ठेवली.

निघताना मी त्यांच्या हाताला धरलं. त्यांचा माणूस पाण्यात, माझा सापडला. मला त्यांच्यासमोर उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "आल्झो," पण चालायला लागल्या नाहीत.

कारकुनाने वहीतल्या ओळींची नक्कल लिहून, शिक्का मारून दिली होती. संध्याकाळी वसंता आला. माझं कपाळ बघून दारातच थांबला. मी कागद पुढे केला. तो मनात वाचत गेला, मग नावाशी आला आणि ते तोंडाने वाचलं. पहिल्यांदा जर्मनासारखं. मग सावकाश.

"बाबा तुला अशी हाक मारायचे?"

"मग कशी मारणार?"

तो पलंगावर बसला. कागद गुडघ्यावर. म्हणाला, "म्हणजे माझंपण नाव घेत होते."

मी म्हटलं, त्याच्याशिवाय माझं नाव पुरं कुठे होतंय.

सकाळच्या गाडीची तिकिटं काढलेली होती. त्याने ती जाऊ दिली. उजाडताना एकटा उठून कबरस्तानात गेला. मला चल म्हणाला नाही आणि मी विचारलं नाही. दुपारी आला तेव्हा बुटांना माती होती आणि हाताला झारीच्या गंजाचा वास.

परत आल्यावर

वसंताने कंपनीला नकलेसकट पत्र घातलं. उत्तर आलं, आमच्या पटावर वासांता चिआय नावाचा खलाशी नव्हता, आणि तुम्ही म्हणता तो इसम पळून गेला अशी नोंद आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. त्यांचंही बरोबर, त्यांच्या कागदावर एक नाव, ह्यांच्या कागदावर दुसरं. मधला दुवा मी, आणि माझं बोलणं कुणी कागद म्हणून धरत नाही.

त्या शरदात पेटर्सनबाईंचं पाकीट आलं. आत चिठ्ठी आणि चिमूटभर माती. ओळ निघाली, असं लिहिलं होतं. ती माती मी आमच्या खाडीत सोडली. आता तिथे दुसरं कुणीतरी निजलं असेल. त्याला झारीने पाणी घालायला त्याचं माणूस येत असेल.

गावात अजून काही जण म्हणतात, कोण जाणे, म्हातारी सांगते. म्हणून मास्तरांनी लिहा म्हटल्यावर मी हो म्हटलं. तोंडाने घेतलं नाही ते नाव इथे लिहिते, लिहायला हरकत नसावी. महादेव रामा चोगले. पळाले नाहीत. बर्फावरून पडले आणि चार दिवस घरी हाक मारत होते.

वाचणाऱ्याला माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात त्या वेळी बोटीवर गेलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर हे त्याला मोठ्याने वाचून दाखवा. आणि आमच्या घराकडून जाताना मला हाक मारायची झाली, तर वसंताची आय म्हणा.